मणिकर्णिकेवरचे हलते छत

काशीच्या मणिकर्णिका घाटावरचा अग्नी कधी विझत नाही, असे म्हणतात. एक चिता शांत होते तोवर शेजारी दुसरी पेटलेली असते. पौषातली थंडी असो की ज्येष्ठातला उन्हाळा, दिवस असो की मध्यरात्र, हे काम अखंड चालू असते. डोम समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा अग्नी सांभाळत आली आहेत. मराठी माणसाला तर हे नाव मुळीच परके नाही. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. त्यांचा जन्म काशीतलाच. घाटाला लागूनच शिंदे घाट आहे. तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. खुद्द मणिकर्णिकेच्या बांधकामाशीही अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे.

या घाटावरच्या धुराची एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एका दहनाला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते. दुपारी बाराला पेटलेल्या चितेला लागते तेवढेच रात्री बाराला पेटलेल्या चितेलाही लागते. धूरही जवळपास तेवढाच निघतो. पण मे महिन्याच्या दुपारी तो सरळ वर चढतो आणि पाहता पाहता नाहीसा होतो. जानेवारीच्या रात्री मात्र तोच धूर पायऱ्यांवर रेंगाळतो, पक्का महालाच्या अरुंद गल्ल्यांत शिरतो, खिडक्यांच्या फटींतून घरात येतो आणि लहान मुलांना खोकवतो. लाकूड तेच, अग्नी तोच, माणसेही तीच. मग फरक पडतो तो कशामुळे?

हा फरक डोक्यावरच्या एका अदृश्य छतामुळे पडतो. हे छत दिवसभरात वर जाते आणि संध्याकाळी खाली येते. ते केव्हा किती उंचीवर असेल हे संगणकाला सांगता येते का, आणि संगणकाने सांगितलेली उंची प्रत्यक्षाशी किती जुळते, या प्रश्नाचा अभ्यास गेली कित्येक वर्षे चालू आहे. प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेतला वाटेल. पण घाटावर रात्रपाळीत उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाशी त्याचा अगदी थेट संबंध आहे.

छत कसले?

वातावरण शेकडो किलोमीटर उंच पसरलेले असले, तरी जमिनीची ऊब, थंडावा आणि धूळ यांचा लगेच परिणाम होतो तो फक्त अगदी खालच्या थरावर. या थराला शास्त्रज्ञ वातावरणाचा ‘सीमास्तर’ म्हणतात. ही कल्पना मुळात जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांची. १९०४ साली त्यांनी ती मांडली ती वाहत्या द्रवाचा पृष्ठभागाशी संबंध कसा येतो हे समजावण्यासाठी. पुढे हवामानशास्त्राने ती उचलली.

सूर्य उगवला की आधी जमीन तापते, मग जमिनीला टेकलेली हवा तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, वरची थंड हवा खाली येते. चुलीवर आधण ठेवल्यावर पातेल्यात जशी खळबळ सुरू होते, तशीच ही खळबळ असते. ऊन वाढत जाते तसे हवेचे हे भोवरे अधिकाधिक उंच पोहोचतात. ते जिथवर पोहोचतात तिथे छत. त्याच्या आत जे काही आहे, मग ती धूळ असो, धूर असो की बाष्प, ते सारे ढवळून एकजीव होते. छतापलीकडे मात्र ते सहसा जाऊ शकत नाही.

सूर्य कलू लागला की भट्टीच बंद पडते. जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्याजवळची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड. ती वर कशाला चढेल? खाली थंड आणि वर उबदार अशी उलटी रचना तयार होते आणि छत एकदम खाली उतरते. गंगेच्या मैदानात उन्हाळ्याच्या दुपारी हे छत दोन-अडीच किलोमीटर, कधी त्याहूनही उंच असते. हिवाळ्यातल्या दुपारी ते एक किलोमीटरच्या आसपास येते. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री तर ते शंभर-दोनशे मीटरवर किंवा त्याहून खाली येऊन बसते.

शंभर मीटरची चूक

समजा, एखाद्या भागात ठरावीक धूर सोडला गेला. छत दोन हजार मीटरवर असेल, तर तो धूर दोन हजार मीटरच्या हवेत पसरेल. छत शंभर मीटरवर असेल, तर तोच धूर शंभर मीटरच्या हवेत कोंडला जाईल, म्हणजे वीसपट दाट होईल. मोठ्या दिवाणखान्यात लावलेली उदबत्ती मंद सुवास देते. तीच देवघराच्या बंद कपाटात लावली तर जीव गुदमरतो. तसेच हे.

आता संगणकाच्या अंदाजाकडे वळू. समजा, तो छताच्या उंचीत शंभर मीटरने चुकला. दुपारी प्रत्यक्ष छत दोन हजार मीटरवर असताना त्याने एकवीसशे सांगितले, तर चूक पाच टक्क्यांची झाली. कोणाचे काही बिघडत नाही. पण रात्री प्रत्यक्ष छत शंभर मीटरवर असताना त्याने दोनशे सांगितले, तर धुराची दाटी त्याने निम्मीच धरली. ‘हवा बरी आहे’ असा निरोप गेला आणि प्रत्यक्षात ती दुप्पट वाईट निघाली. चूक दोन्ही वेळा शंभरच मीटरची. पण दिवसाची चूक माफ आणि रात्रीची चूक महागात! या विषयाचे सारे मर्म या एका हिशेबात आहे. त्यात दुर्दैव असे, की रात्रीच्याच वेळी संगणकाचा अंदाज चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

कागदावरचे छत

छताची उंची गणिताने काढण्याची एक सोपी रीत १९६४ साली अमेरिकेतील जॉर्ज होल्झवर्थ यांनी मांडली. ती कागद-पेन्सिलीनेही वापरता येते. कोरडी हवा वर चढताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सियसने थंड होते, हा तिचा पाया. समजा, पहाटे सोडलेल्या फुग्याने सांगितले, की तीनशे मीटरवर तापमान १३ अंश आहे आणि एक हजार मीटरवर ११ अंश. आता जमिनीजवळचा पारा १६ अंशांवर आला की तिथली हवा वर चढत जाऊन तीनशे मीटरवर १३ अंश होईल. भोवतालची हवाही तेवढीच, म्हणून ती तिथे थांबेल. छत तीनशे मीटर. दुपारी पारा २१ वर गेला की तीच हवा एक हजार मीटरवर जाऊन ११ अंश होईल. छत एक हजार मीटर. दिवसाच्या कमाल तापमानाचा अंदाज हाती असला की दुपारच्या छताचा अंदाज झाला!

संगणकातली आजची प्रारूपे अर्थातच याहून पुष्कळ खोलात जातात. जमिनीने किती ऊन शोषले, त्यातले किती पाण्याची वाफ करण्यात गेले, किती हवा तापवण्यात गेले, वारा किती आणि त्यामुळे खळबळ किती, असा सारा जमाखर्च ती मांडतात. पण हवेतला प्रत्येक भोवरा मोजणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून भोवऱ्यांचा एकत्रित परिणाम काही ठोकताळ्यांनी धरावा लागतो. इथे दोन घराणी आहेत. एक म्हणते, हवेचा प्रत्येक पदर फक्त आपल्या शेजारच्या पदराशी देवाणघेवाण करतो. दुसरे म्हणते, मोठा भोवरा जमिनीवरची हवा एका झेपेत थेट छतापर्यंत नेतो, तेव्हा शेजाऱ्यापुरते पाहून भागणार नाही. एकाच दिवसाचे, एकाच गावाचे गणित या दोन रीतींनी केले तर दुपारच्या छताची उंची वेगवेगळी येते. सहसा दुसऱ्या घराण्याचे छत उंच भरते.

शिवाय जमिनीची नोंद चुकली तरी छत चुकते. हिवाळ्यात गंगेच्या मैदानात गव्हाला पाणी दिलेले असते. ओल्या शेतात उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतो आणि हवा कमी तापते. संगणकाला तेच शेत कोरडे आहे असे सांगितले, तर तो छत उगाचच उंच नेऊन ठेवतो. 

प्रत्यक्षातले छत

मग प्रत्यक्ष मोजून पाहावे, हे ओघाने आले. पण मोजणेही सोपे नाही. सर्वांत जुना आणि भरवशाचा मार्ग रेडिओसाँडचा. हायड्रोजनने भरलेल्या फुग्याला छोटे यंत्र बांधून सोडतात. ते वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि दाब रेडिओने कळवत राहते. गंगेच्या मैदानात लखनौ, गोरखपूर, पाटणा अशी केंद्रे आहेत. जगभर हे फुगे ठरलेल्या वेळीच सोडायचे असतात. भारतीय घड्याळाप्रमाणे ती वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. भारताची प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, तो वाराणसीशेजारच्या मिर्झापूरजवळून जातो. म्हणजे घड्याळ आणि सूर्य यांचे इथे जवळजवळ एकमत! आता जानेवारीतली साडेपाचची पहाट म्हणजे सूर्योदयाला तासाहून अधिक अवकाश. छत तळाशी बसलेले. संध्याकाळचे साडेपाच म्हणजे सूर्य मावळून गेलेला, छत कोसळलेले. दुपारी दोन-तीनला ते कुठवर गेले होते, सकाळी किती वेगाने चढले, संध्याकाळी नेमके केव्हा उतरले, हे या दोन फुग्यांना दिसतच नाही. नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी आणि पडल्यानंतर रंगमंचाचा फोटो काढावा, तशी ही गत.

दिवसभराचे नाटक पाहण्यासाठी दुसरी साधने आली. सोडार हे यंत्र आवाजाचे ठोके आकाशात सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून हवेतील खळबळ ओळखते. लायडार आणि सीलोमीटर हे प्रकाशाचा झोत वर सोडतात आणि धुळीच्या, धुराच्या कणांवरून परत येणारा उजेड मोजतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच लेसरचा असा लायडार वापरून पुण्यावरच्या रात्रीच्या हवेतील कणांचा अभ्यास सुरू केला होता. डोंगरांनी वेढलेल्या शहरावर रात्री धूर आणि धूळ कशी साठते, याच्या त्या नोंदी मोलाच्या ठरल्या.

पण या साधनांतही एक मेख आहे. फुगा छत ओळखतो ते तापमानावरून, सोडार खळबळीवरून, लायडार धुळीवरून. दुपारी तिघांचे उत्तर साधारण जुळते, कारण खळबळ असते तिथवर धूळ पोहोचलेली असते. संध्याकाळी मात्र तिघांच्या वाटा फुटतात. खळबळ थांबून नवे छत शंभर मीटरवर आलेले असते. पण दुपारी दीड किलोमीटरवर गेलेली धूळ तिथेच तरंगत राहते. सोडार म्हणतो, ‘छत शंभर मीटरवर.’ लायडार म्हणतो, ‘छे, दीड किलोमीटरवर.’ दोघेही खरेच सांगत असतात. फक्त एक आजचे छत दाखवतो आणि दुसरा दुपारचे उरलेले. अशा वेळी संगणकाचे उत्तर कोणाच्या उत्तराशी ताडून पाहायचे? एकाने कापडाची लांबी मोजायची आणि दुसऱ्याने वजन करायचे, मग आकडे जुळत नाहीत म्हणून भांडायचे, असा तो प्रकार होतो. म्हणून कोणतीही तुलना करताना पहिली अट अशी, की दोन्हीकडे ‘छत’ म्हणजे काय हे एकच ठरलेले असावे.

वाराणसीचा मनोरा

या कामात वाराणसीचे स्थान महत्त्वाचे आहे. १९९० च्या पावसाळ्यात भारतीय शास्त्रज्ञांनी ‘मॉन्टब्लेक्स’ नावाचा मोठा प्रयोग हाती घेतला. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याखालचा सीमास्तर कसा वागतो, हे मोजण्याचा तो प्रयत्न होता. जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर अशा चार ठिकाणी प्रत्येकी तीस मीटर उंचीचे मनोरे उभारले गेले. वाराणसीचा मनोरा होता बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीवर वारा, तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे बसवलेली होती. समुद्रावर ‘सागरकन्या’ हे संशोधन जहाजही कामाला लावले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक रोद्दम नरसिंह हे या प्रयोगामागच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक.

तीस मीटरच्या मनोऱ्यावरून हजार मीटरवरचे छत दिसत नाही, हे खरे. पण छत ज्या भट्टीवर वर चढते, ती भट्टी जमिनीलगतच असते. जमिनीने हवेला नेमकी किती ऊब दिली हे मनोरा सांगतो. पुढची अनेक वर्षे या नोंदी संगणकाच्या प्रारूपांना कसोटीचा दगड म्हणून उपयोगी पडल्या. आपल्याकडचा पावसाळा, आपल्याकडची ओली माती आणि दमट हवा युरोप-अमेरिकेत बसवलेल्या सूत्रांत कितपत बसते, हे त्यांवरून पाहता आले.

पुढे २०१४ च्या पावसाळ्यात पुण्याच्या याच संस्थेच्या ‘कायपिक्स’ या प्रकल्पाची माणसे गंगेच्या खोऱ्यात, वाराणसी परिसरात पोहोचली. ढग, हवेतले सूक्ष्म कण आणि पाऊस यांचे नाते शोधणारा हा प्रकल्प २००९ पासून चालू होता. पावसाने ओढ दिली त्या काळात सीमास्तर कसा वागला याची प्रत्यक्ष मोजमापे त्यात झाली आणि संगणकाच्या प्रारूपातील वेगवेगळे ठोकताळे त्या मोजमापांशी ताडून पाहिले गेले. पुण्यात गणित आणि काशीत पडताळा, असा हा योग.

पारा खरे सांगत होता

गणित आणि प्रत्यक्ष यांत तफावत आली की चूक कोणाची मानायची? या प्रश्नाचे उत्तर सांगणारी एक गोष्ट पुण्यातच घडलेली आहे. १९३२ साली एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड काय असते? कोणीही सांगेल, की जमीन. कारण थंड होते ती तीच, आणि हवेला थंड करते तीही तीच. पण यांच्या तापमापकांनी दाखवले, की सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून तिच्यापासून काही डेसिमीटर वर असते. थंड हवा उबदार हवेवर बसलेली! हे पुस्तकातल्या भौतिकशास्त्राला धरून नव्हते. उपकरणातच काही दोष असावा, अशी शंका दीर्घकाळ घेतली गेली.

निरीक्षण मात्र पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या देशांत तसेच येत राहिले. अखेर १९९३ साली नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागची उपपत्ती गणिताने मांडली. पुढे बंगळूरच्याच शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले, की जमिनीलगतच्या हवेतील सूक्ष्म कणांचा यात मोठा वाटा असतो. हे कण आपली उष्णता आकाशाकडे फेकतात आणि हवेला गार करतात. आज या थराला ‘रामदास थर’ म्हणूनच ओळखले जाते. पुण्याच्या त्या साध्या तापमापकांनी सांगितले ते समजून घ्यायला गणिताला साठ वर्षे लागली. रात्रीची हवा दिसते तितकी साधी नसते, हा त्यातला पहिला धडा. आणि संगणक काहीही म्हणो, शेवटचा शब्द मोजमापाचा, हा दुसरा.

घाटाचे त्रांगडे

मणिकर्णिकेसारख्या जागी तर संगणकाची परीक्षाच असते. पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत दाखल झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही सहा किलोमीटरच्या चौकटींनी हवामान मोजते. पूर्वीच्या बारा किलोमीटरच्या मानाने ही मोठीच प्रगती. पण सहा किलोमीटरची एक चौकट वाराणसीवर ठेवली तर तिच्यात काय काय येते? पश्चिमेला दाट वस्तीचे दगडी शहर, पायऱ्यांचा उतार, मग सुमारे अर्धा किलोमीटर रुंद गंगा आणि पलीकडे वाळूचा मोकळा किनारा. दगड रात्री उशिरापर्यंत ऊब धरतो, वाळू लगेच गार पडते, तर पाणी आपल्याच संथ चालीने बदलते. या चौघांवर छत एकसारखे नसते. संगणक मात्र त्या सगळ्यांची सरासरी काढून एकच उंची सांगतो.

धुराचे वागणेही वेळेनुसार बदलते. भर पेटलेल्या चितेचा धूर अतिशय तापलेला असतो. तो जोराने वर उसळतो आणि रात्रीचे ठेंगणे छत कधी कधी भेदूनही जातो. पण चिता उतरणीला लागली, नुसते निखारे धुमसू लागले की धूर गार असतो. तो वर चढत नाही, पायऱ्यांवरच लोळतो. राख सावडणारी आणि लाकडे वाहणारी माणसे नेमकी त्याच वेळी जवळ असतात. सकाळी आणखी एक प्रकार घडतो. रात्रभर डोक्यावर साठलेला धूर, ऊन पडून खळबळ सुरू झाली की ढवळून खाली येतो. म्हणून हिवाळ्यात सूर्य वर आल्यावरही तास-दोन तास हवा सुधारण्याऐवजी बिघडल्यासारखी वाटते.

त्यात आणखी एक दुष्टचक्र आहे. हवेत धूर आणि धुके दाटले की ऊन कमी पोहोचते. ऊन कमी म्हणून छत कमी चढते. छत कमी चढले म्हणून धूर आणखी दाटतो. संगणकाच्या हिशेबात हवेतल्या कणांचा हा परिणाम धरला नाही, तर दुपारचे छतही प्रत्यक्षापेक्षा उंच दिसते. अर्थात या शहराच्या हवेचा सारा दोष चितांवर टाकणे अन्यायाचे होईल. रस्त्यांवरची धूळ, वाहने, चुली आणि जाळलेला कचरा हेही त्याच छताखाली कोंडले जातात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात वाराणसीचा समावेश झाला तो या सगळ्यांसाठी. गंगा कृती योजनेत हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी झाली, तरी श्रद्धेमुळे लाकडाच्या चितेकडेच बहुतेकांचा ओढा राहिला. श्रद्धेचा मान राखून धूर कमी कसा करायचा हा वेगळा प्रश्न आहे. पण केव्हा धूर घातक होणार आहे, हे आधी सांगता आले तरी पुष्कळ साधेल.

आपल्या गावातले छत

हे छत काही काशीपुरते नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि धूर कित्येक दिवस वस्त्यांवर पसरून राहिला. काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हिवाळ्यातल्या ठेंगण्या छताने त्या धुराला वर जाऊ दिले नाही. दिल्लीसाठी पुण्याच्या संस्थेने ऑक्टोबर २०१८ पासून हवेच्या दर्जाचा पूर्वइशारा देणारी यंत्रणा सुरू केली. तिच्यात छताची उंची आणि वाऱ्याचा वेग यांचा गुणाकार सांगतात. हा गुणाकार म्हणजे हवा ‘खेळती’ किती याचे माप. तो सहा हजारांच्या खाली आणि वारा ताशी दहा किलोमीटरहून मंद असेल, तर धूर पसरायला परिस्थिती प्रतिकूल समजतात. मे महिन्याच्या दुपारी अडीच हजार मीटर छत आणि सेकंदाला चार मीटर वारा धरला तर गुणाकार दहा हजार होतो. जानेवारीच्या रात्री दीडशे मीटर आणि एक मीटर धरला तर अवघा दीडशे! या गुणाकारातला वारा मोजायला त्या मानाने सोपा. छत अवघड. म्हणजे ज्या आकड्यावर शाळा चालू ठेवायच्या की बंद हे ठरू शकते, त्यातला अर्धा भाग छताच्या अंदाजावर उभा असतो.

घरच्या माणसांनीही यातून काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला फिरायला जाण्याची सवय आपल्याकडे आरोग्याची मानली जाते. रहदारीच्या शहरात मात्र ती वेळ छत सर्वांत खाली असण्याची. दमा असणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि वृद्धांनी ऊन चांगले पडल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास किंवा दुपार कलताना फिरणे बरे. हिवाळ्यात खोल्यांतली हवा बदलण्यासाठी खिडक्या उघडायच्या त्या भर दुपारी. सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा संध्याकाळी पेटवून देण्याची रीत तर सोडलीच पाहिजे. दुपारी जाळलेला तोच ढीग वाईट असतोच. संध्याकाळी जाळलेला अनेक पटींनी वाईट ठरतो, कारण त्याचा धूर सकाळपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतो. शेकोटीचेही तसेच.

शास्त्रज्ञांपुढचे काम मात्र अजून बाकी आहे. दुपारच्या छताचा अंदाज आता पुष्कळ सुधारला आहे. संध्याकाळी ते नेमके केव्हा कोसळते आणि रात्री किती खाली येते, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. त्यासाठी आणखी वेगवान संगणक हवेत, तशीच आणखी ठिकाणी, दिवसरात्र, दर काही मिनिटांनी आकाशाची उंची मोजणारी साधी यंत्रेही हवीत. पुण्यातला ‘अर्का’सारखा महासंगणक एका झपाट्यात अब्जावधी गणिते करतो, पण नदीकाठच्या एका रात्रीचे मोजमाप त्याच्या हाती दिले नाही, तर आपले उत्तर चुकले हे त्याला कळणार तरी कसे? रात्रपाळीला निघालेल्या माणसाला ‘आज तोंडाला फडके बांधून जा, पहाटे धूर दाटणार आहे’ असे वेळेवर आणि खात्रीने सांगता येईल, त्या दिवशी या सगळ्या आकडेमोडीचे चीज झाले असे म्हणता येईल.